कोड खुला आहे, पण चाचणी कुणाची?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य मोठ्या दिमाखात लिहिलं होतं : 'माहिती संकलनासाठी ओपन सोर्स टॅब्लेट सॉफ्टवेअर वापरले जाईल, त्यामुळे साधनांवरील खर्च शून्य राहील.' गाइड मॅडमनी 'शून्य' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि समासात एवढंच लिहिलं : 'कशाचा?'

मला वाटलं, त्या टॅब्लेटच्या किमतीबद्दल विचारतायत. मी दुसऱ्या मसुद्यात टॅब्लेटची रक्कम घातली. लाल गोल तसाच राहिला. त्या एका शब्दाचं उत्तर शोधण्यात माझा जवळजवळ महिना गेला. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटच्या तयारीत आहेत आणि पुढच्या वर्षी सिनॉप्सिस लिहायला बसतील. तुमचा महिना वाचावा म्हणून ही पोस्ट.

या पोस्टमध्ये मी एका सॉफ्टवेअरची समीक्षा करणार आहे. 'डाउनलोड कसं करायचं' हा यातला मुद्दा नाही. ते एका साध्या प्रश्नासाठी तपासायचं आहे : एखादं मापन-साधन 'खुलं' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातलं नेमकं काय खुलं असतं?

सॉफ्टवेअर काय आहे

नाव कॅमकॉप्स. लांब नाव 'केंब्रिज कॉग्निटिव्ह अँड सायकिअॅट्रिक असेसमेंट किट'. केंब्रिज विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात रुडॉल्फ कार्डिनल यांनी २०१२ च्या सुमारास ते लिहायला घेतलं. कार्डिनल स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि संशोधक. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सॉफ्टवेअरभर तिचा ठसा दिसतो. रुग्णासमोर बसून काम करणाऱ्या माणसाने ते लिहिलंय हे जाणवतं.

त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग टॅब्लेटवर चालतो (लॅपटॉपवरही चालतो). त्यात नैराश्य, चिंता, दारूचं व्यसन, स्मृती, लक्ष अशा विषयांच्या कितीतरी प्रश्नावल्या आणि चाचण्या आहेत. दुसरा भाग सर्व्हर. टॅब्लेटवर भरलेली माहिती तिकडे जाते, साठते आणि तिथून संशोधक किंवा डॉक्टर ती पाहतात. टॅब्लेटचा भाग सी प्लस प्लसमध्ये आहे, सर्व्हरचा पायथनमध्ये. परवाना जीपीएल आहे. म्हणजे कुणीही ते वापरावं, वाचावं, बदलावं, वाटावं. अट अशी, की बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत तर त्याचा कोडही त्याच परवान्याखाली द्यायचा.

त्याच शहरात याच कामाचा दुसरा, जुना रस्ताही आहे. कॅन्टॅब हा चाचण्यांचा संच १९८० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठातच तयार झाला, तोही टच स्क्रीनसाठी. तो पुढे कंपनीकडे गेला आणि आज पैसे देऊन वापरावा लागतो. एकाच गावात एक साधन बाजारात गेलं आणि दुसरं गिटहबवर. मला यात कुणाला नायक आणि कुणाला खलनायक ठरवायचं नाही. विकत घेतलेल्या साधनाबरोबर तांत्रिक मदत आणि वयानुसार तुलनेचे आकडे मिळतात, हे खोटं नाही. पण विद्यार्थ्याच्या खिशाचा प्रश्न आला की नजर गिटहबकडे वळते. माझीही वळली.

जे मनापासून आवडलं

समीक्षा म्हणजे फक्त चुका काढणं नव्हे, म्हणून आधी चांगल्या गोष्टी.

पहिली : रुग्णाच्या माहितीची काळजी. आपल्याकडे विद्यार्थी सर्रास काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. गूगल फॉर्म बनवायचा, नैराश्याची प्रश्नावली त्यात टाइप करायची, लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची. उत्तरं कुठे साठतात, कोण पाहू शकतं, ग्रुपमधल्या कुणाचा ई-मेल सोबत नोंदला जातो का, याचा विचार नंतर होतो किंवा होतच नाही. कॅमकॉप्समध्ये टॅब्लेटवरची माहिती कूटबद्ध असते. सर्व्हरकडे जाताना सुरक्षित जोडणीतून जाते. पाठवून झाल्यावर टॅब्लेटवरून ती काढून टाकण्याची सोय आहे. टॅब्लेट रिक्षात विसरला तरी एखाद्याचं दुःख रस्त्यावर येऊ नये, हा विचार त्यामागे दिसतो. सर्व्हरवर नोंदीत बदल झाला तर जुनी नोंद पुसली जात नाही. ती मागे राहते, त्यामुळे कधी काय बदललं ते पाहता येतं.

दुसरी : गुण कसे मोजले हे वाचता येतं. बंद सॉफ्टवेअर तुम्हाला '१४' असा आकडा देतं आणि तुम्ही तो मानता. इथे तुम्ही फाइल उघडून बघू शकता. पीएचक्यू-९ घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. सोपं वाटतं ना? आता सांगा, एका माणसाने सातवा प्रश्न सोडला तर बेरीज काय करायची? सोडलेलं उत्तर शून्य धरायचं, सरासरी घालायची, की गुणच द्यायचे नाहीत? शिवाय त्या फॉर्मवर शेवटी रोजच्या कामात किती अडचण येते हे विचारणारा दहावा प्रश्न असतो, तो बेरजेत येत नाही. तुमच्या साधनाने यातलं काय केलं हे प्रबंधात लिहावं लागतं. कोड खुला असेल तर ते शोधता येतं. नसेल तर कंपनीला मेल करत बसा.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला सर्वांत जास्त आवडली. अॅडनब्रुक्स चाचणीची तिसरी आवृत्ती, म्हणजे एसीई-३, यात रुग्णाला घड्याळ आणि इतर आकृत्या काढायला सांगतात. टॅब्लेट आहे म्हटल्यावर 'बोटाने स्क्रीनवर काढा' असा मोह कुणालाही होईल. कॅमकॉप्सने तो टाळला. रुग्ण कागदावर पेन्सिलने काढतो आणि टॅब्लेटच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो घेऊन नोंदीला जोडतात. बोटाने काढलेलं घड्याळ आणि पेन्सिलने काढलेलं घड्याळ ही दोन वेगळी कामं आहेत, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

आता अडचणी. यातल्या पहिल्या तीन निव्वळ कॅमकॉप्सच्या नाहीत, प्रत्येक खुल्या साधनाच्या आहेत. म्हणून तर त्या तुमच्या उपयोगाच्या.

प्रश्नाचा मालक वेगळा असतो

कॅमकॉप्समध्ये बेकची नैराश्य प्रश्नावली आहे हे पाहून मी खूश झाले होते. उघडली, तर पडद्यावर प्रश्न नाहीतच! 'प्रश्न १' आणि समोर ०, १, २, ३. 'प्रश्न २', पुन्हा तेच. प्रश्नाचे शब्द गायब. मला वाटलं अॅप बिघडलं.

बिघडलेलं नव्हतं. त्या प्रश्नावलीचे शब्द कॉपीराइटखाली आहेत, प्रकाशकाकडून विकत घ्यावे लागतात. म्हणून कॅमकॉप्सने फक्त उत्तरं नोंदवायची जागा दिली आहे. छापील प्रत तुम्ही विकत घ्या, ती समोर ठेवा आणि आकडे इथे भरा. काही साधनांच्या बाबतीत मजकूर वेगळ्या फाइलमध्ये असतो. एखाद्या संस्थेकडे रीतसर परवानगी असेल, तर ती संस्था तो मजकूर आपल्या सर्व्हरवर घालते आणि मग टॅब्लेटवर पूर्ण प्रश्न दिसतात.

इथे मॅडमच्या 'कशाचा?'चं पहिलं उत्तर मिळालं. सॉफ्टवेअर लिहिणारा स्वतःचा कोड दान करू शकतो. जे त्याचं नाही, ते त्याला दान करता येत नाही.

हा प्रश्न किती खोल जातो याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एमएमएसई. १९७५ मध्ये फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी ही ३० गुणांची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. पुढची पंचवीसेक वर्षं जगभरच्या डॉक्टरांनी ती झेरॉक्स करून वापरली, पाठ्यपुस्तकांत छापली, पाठ केली. २००१ मध्ये तिचे हक्क एका अमेरिकन प्रकाशन कंपनीकडे गेले आणि दर चाचणीमागे पैसे आकारणं सुरू झालं. २०११ मध्ये 'स्वीट सिक्स्टीन' नावाची सोळा प्रश्नांची मोफत पर्यायी चाचणी प्रसिद्ध झाली. कॉपीराइटच्या वादात तीही इंटरनेटवरून खाली उतरली. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूमन आणि फेल्डमन यांनी यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की रुग्णाच्या खाटेजवळ वापरायची मूलभूत साधनं सॉफ्टवेअरसारखी खुल्या परवान्याखाली द्यायला हवीत.

अॅडनब्रुक्स चाचणीचा इतिहासही याच वादाने वळला. २००६ च्या तिच्या आवृत्तीत एमएमएसईचे प्रश्न पोटात होते. एसीई-३ बनवताना ते काढून नवे घातले. म्हणजे रुग्णाला कोणता प्रश्न विचारायचा हे शास्त्राबरोबर परवान्यानेही ठरवलं. मला हे वाचून थोडं अस्वस्थ व्हायला झालं. मोका ही दुसरी लोकप्रिय चाचणी तर २०१९ पासून प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मागू लागली.

उलट बाजूही आहे. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ वापरायला, भाषांतर करायला, छापायला परवानगी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दारूविषयक प्रश्नावलीही संशोधनात बिनदिक्कत वापरली जाते. म्हणून 'सायकॉलॉजीत सगळंच विकत' असं रडायचं कारण नाही. प्रत्येक साधनाचं स्वतंत्र बघायचं, एवढंच.

कॅमकॉप्सची प्रामाणिकता इथे दिसते. कोणत्या कामासाठी वापरणार, असं ते तुम्हाला आधी विचारतं : उपचार, संशोधन, शिक्षण की व्यवसाय. जे साधन त्या कामासाठी परवानगीत बसत नाही ते वापरू देत नाही. गूगल फॉर्म असं कधीच विचारत नाही, आणि म्हणून आपल्याला वाटतं की प्रश्नच नाही.

जाता जाता एक शब्दांचा घोळ सोडवू. 'मोफत' आणि 'मुक्त' एक नाहीत. गूगल फॉर्म मोफत आहे, मुक्त नाही. रेडकॅप हे डेटा गोळा करायचं सॉफ्टवेअर सदस्य संस्थांना मोफत मिळतं, पण ते ओपन सोर्स नाही. कॅमकॉप्सचा कोड मुक्त आहे, पण त्यातली बेकची प्रश्नावली मोफतही नाही आणि मुक्तही नाही. व्हायवाला कुणी यावर विचारलं तर गोंधळू नका.

भाषांतर झालं म्हणजे चाचणी झाली?

समजा परवाना मिळाला. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये आहे, म्हणजे ती फाइल मराठीत लिहिली की झालं काम! मी स्वतः एका रविवारी बसून हे करायला घेतलं होतं. दुपारपर्यंत थांबले.

कारण सांगते. एसीई-३ मध्ये एक काम असं आहे : एका मिनिटात 'पी' या अक्षराने सुरू होणारे जास्तीत जास्त शब्द सांगा. मराठीत काय म्हणायचं? 'प' म्हणू. मग 'पाणी' चालेल का? शाळेत गेलेला माणूस म्हणेल, तो 'पा' आहे, बाराखडीतला. 'प्रवास'? तो जोडाक्षराचा 'प्र'. 'फणस' नाही हे तुम्हाला पक्कं वाटतं, पण ज्या आजी कधी शाळेतच गेल्या नाहीत, त्यांना 'प' हे अक्षर म्हणजे काय हेच आधी समजावावं लागेल. मग त्यांचे कमी आलेले गुण स्मृतिभ्रंशामुळे की पाटी न मिळाल्यामुळे?

याच चाचणीत पुढे इंग्रजीतले असे शब्द वाचायला देतात, ज्यांचं स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच. उदाहरणार्थ 'पिंट'च्या स्पेलिंगचा उच्चार 'पाइंट'. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात माणूस असे शब्द स्पेलिंगप्रमाणे वाचू लागतो, म्हणून हा प्रश्न मोलाचा. आता देवनागरीत असे शब्द आणायचे कुठून? आपण लिहिलंय तसंच बहुतेक वाचतो. शोधून शोधून मला सापडलं ते 'जग'. पाण्याचा जग आणि दुनिया या अर्थाचं जग यांत 'ज' वेगळा उच्चारतात. पण त्यात चूक-बरोबर ठरणार कसं? दोन्ही उच्चार बरोबरच आहेत. म्हणजे हा प्रश्न मराठीत भाषांतरित होत नाही. त्याच्या जागी दुसरा शोधावा लागतो, आणि तो तेच मोजतो का हे पुन्हा तपासावं लागतं.

हे काम नीट कसं करतात याचा भारतातला नमुना आहे. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात ग्रामीण, बहुतांश निरक्षर वृद्धांसाठी एमएमएसईचं हिंदी रूप तयार केलं गेलं. गांगुली आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा शोधनिबंध आहे, जरूर वाचा. मूळ चाचणीत 'डोळे मिटा' असं लिहिलेला कागद दाखवतात आणि वाचून तसं करायला सांगतात. वाचताच येत नसेल तर? त्यांनी ते बदललं : माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. मूळ चाचणी एक वाक्य लिहायला सांगते. इथे घराबद्दल काहीतरी सांगा असं विचारलं. दिसायला साधे बदल, पण प्रत्येकामागे गावात जाऊन केलेली चाचपणी आहे.

कोडच्या दुनियेत याला समांतर काही नाही. कोणीही गिटहबवर मराठी फाइल टाकू शकेल, सॉफ्टवेअर ती विनातक्रार दाखवेलही. अक्षरं नीट उमटली, जोडाक्षरं तुटली नाहीत, की काम झाल्यासारखं वाटतं. पण त्या मराठी प्रश्नाला १० गुण म्हणजे कमी की ठीक, हे कुठलाच प्रोग्रॅम सांगू शकत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या शिक्षणाच्या माणसांना तो प्रश्न विचारलेला असावा लागतो. मोकामध्ये बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. चौथीत शाळा सुटलेल्याला आणि बारावी झालेल्याला तोच एक गुण! मूळ चाचणी कॅनडात घडली आहे, तिथे हे चाललं असेल. आपल्याकडे चालेल असं गृहीत धरणं म्हणजे संशोधन नव्हे.

टॅब्लेट म्हणजे गुळगुळीत कागद नाही

तिसरा मुद्दा उपकरणाचा. इथे दोन प्रकार वेगळे करा, कारण शोधनिबंधांत लोक हे सर्रास मिसळतात.

पहिला प्रकार, स्वतःबद्दल सांगायच्या प्रश्नावल्या. 'गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती' वगैरे. २००८ मध्ये ग्वाल्टनी आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर कागदावरची आणि स्क्रीनवरची उत्तरं बऱ्यापैकी जुळत होती. म्हणून अशा प्रश्नावल्या टॅब्लेटवर नेताना फार घाबरायचं कारण नाही. उलट बेरजेच्या चुका आणि सुटलेली पानं कमी होतात.

दुसरा प्रकार, काम करून दाखवायच्या चाचण्या. इथे टॅब्लेट स्वतःच मापनात शिरतो. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असेल, तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद लागतात. बोट टेकल्यापासून ते प्रोग्रॅमला कळेपर्यंत आणखी काही दहा मिलिसेकंद जातात, आणि हा उशीर प्रत्येक मॉडेलचा वेगळा. आता कल्पना करा : तुम्ही दोन गटांच्या प्रतिक्रियाकाळातला ३० मिलिसेकंदांचा फरक शोधताय. रुग्णांचा गट रुग्णालयातल्या जुन्या टॅब्लेटवर आणि तुलनेचा गट कॉलेजच्या नव्या कोऱ्या टॅब्लेटवर तपासलात. फरक आला. तो माणसांमधला की टॅब्लेटमधला? सांगता येणार नाही, आणि नंतर दुरुस्तही करता येणार नाही. दोन्ही गट एकाच टॅब्लेटवर घेतले असते, तर स्थिर उशीर दोन्हीकडे सारखाच राहिला असता. हा उपाय फुकट आहे, फक्त आधी सुचायला हवा.

सगळ्या चाचण्यांना मिलिसेकंदांची गरज नसते हेही खरं. कॅमकॉप्समध्ये नियम ओळखायचं एक काम आहे : कोणतं चित्र बरोबर ते चुकत-चुकत शिकायचं, मग नियम गुपचूप बदलतो आणि पुन्हा शिकावं लागतं. तिथे चुका किती झाल्या हे महत्त्वाचं, बोट किती वेगाने आलं हे नाही. असं काम टॅब्लेटला शोभतं. प्रतिक्रियाकाळच मोजायचा असेल, तर सायकोपाय, ओपनसेसमी अशी प्रयोगांसाठी बनलेली खुली सॉफ्टवेअर बघा. त्यांच्या वेळमापनाच्या अचूकतेवर स्वतंत्र अभ्यास झाले आहेत.

आणि माणूस? आयुष्यभर शेतात किंवा बांधकामावर राबलेल्या हाताचं बोट स्क्रीन पटकन ओळखत नाही. दोनदा, तीनदा दाबावं लागतं. समोरचा माणूस ओशाळतो, 'मला नाही जमत हे' म्हणतो आणि पुढची सगळी चाचणी त्या ओशाळलेपणात देतो. नोंदीत मात्र फक्त 'उशिरा उत्तर' एवढंच उरतं. चाचणीआधी पाच मिनिटांचा सराव ठेवा आणि अडचण आली तर ती वहीत लिहून ठेवा. टॅब्लेट ती लिहून ठेवणार नाही.

नववा प्रश्न

आता ज्या मुद्द्यासाठी मी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली, तो.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरण बरं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कागदावर, समोरासमोर, हा प्रश्न विचारणारा माणूस उत्तर येताना समोर असतो. पेन थांबतं ते त्याला दिसतं. टॅब्लेटवर, आणि त्याहून जास्त घरी पाठवलेल्या लिंकवर, हे उत्तर एक आकडा होऊन सर्व्हरवर जातं. कुणीतरी रात्री दोनला 'जवळजवळ रोज' असं निवडतं. तुम्ही ते शुक्रवारी डेटा डाउनलोड केल्यावर बघता. तोपर्यंत तीन दिवस गेलेले असतात.

कॅमकॉप्सची मूळ कल्पना डॉक्टर आणि रुग्ण एकत्र बसलेत अशी आहे, आणि तिथे हा धोका कमी. पण नंतर त्यात रुग्णाने एकट्याने, स्वतःच्या उपकरणावर भरायची सोयही आली. पूर्ण झालेली नोंद आपोआप ई-मेलने पुढे पाठवण्यासारखी व्यवस्था सर्व्हरवर करता येते. पण ती कुणीतरी लावावी लागते, आणि ई-मेलच्या दुसऱ्या टोकाला कोण जागं आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. माझ्या मते घरी भरायच्या वापरात हा प्रश्न आधीच समोर यायला हवा. ज्या सॉफ्टवेअरला 'व्यवसायासाठी वापरणार का' हे विचारायचं सुचलं, त्याने 'हे उत्तर आलं तर कोण बघणार' हेही विचारावं. ही माझी कॅमकॉप्सवरची खरी टीका आहे.

पण जबाबदारी शेवटी आपलीच. एथिक्स कमिटीच्या अर्जात 'हेल्पलाइनचा नंबर दिला जाईल' एवढं लिहून भागत नाही. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक फॉर्मच्या शेवटी जरूर द्या, पण ती योजना नव्हे. योजना म्हणजे : उत्तर किती तासांत कुणाच्या नजरेला पडेल, सहभागीला फोन कोण करेल, त्याची परवानगी संमतिपत्रात घेतली आहे का, आणि पुढे कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणार. याची उत्तरं नसतील तर नववा प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ वापरा. तिच्यात फक्त पहिले आठ प्रश्न आहेत. ज्या प्रश्नाच्या उत्तराला आपण सामोरं जाऊ शकत नाही, तो प्रश्न विचारू नये, असं मला वाटतं. पण तेवढ्याने जबाबदारी संपली असंही मानू नका. प्रश्न न विचारल्यामुळे त्रास नाहीसा होत नाही.

मग वापरावं की नाही?

एकट्या विद्यार्थ्याने, एका प्रबंधासाठी, कॅमकॉप्स उभं करावं असं मी सांगणार नाही. सर्व्हर बसवणं, डेटाबेस सांभाळणं, सुरक्षेचे अपडेट घालणं हे एखाद्या विभागाचं किंवा रुग्णालयाचं काम आहे. शिवाय एक तांत्रिक कच्चा दुवा : गुणांचा हिशेब दोन ठिकाणी, दोन भाषांत लिहिलेला आहे, टॅब्लेटवर एकदा आणि सर्व्हरवर एकदा. दोन्हीकडे तोच आकडा येतो का हे तपासणं वापरणाऱ्याने अंगावर घ्यायला हवं. दहा खोट्या नोंदी भरा, हाताने बेरीज करा, दोन्हीकडच्या आकड्यांशी ताडून बघा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तुमचा विभाग किंवा चार-पाच संशोधक मिळून दीर्घकाळ रुग्णांचा अभ्यास करणार असाल, तर मात्र हे साधन गंभीरपणे बघा. माहितीची सुरक्षितता, बदलांची नोंद आणि वाचता येणारा कोड, तिन्ही एकत्र फार कमी ठिकाणी मिळतात.

आणि वापरलं नाही तरी त्याची कागदपत्रं वाचा. कोणत्या चाचणीचे हक्क कुणाकडे, कशाला परवानगी लागते, कोणती चाचणी अर्धवटच का दिली आहे, हे एका ठिकाणी एवढं स्पष्ट लिहिलेलं मला दुसरीकडे सापडलं नाही. माझ्यासाठी ते सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक कमी आणि संशोधन-पद्धतीचं पुस्तक जास्त ठरलं.

सिनॉप्सिसमध्ये साधनांचा परिच्छेद लिहाल तेव्हा प्रत्येक साधनापुढे हे पाच प्रश्न ठेवा :

१. कोडचा परवाना काय आहे?
२. प्रश्नांच्या मजकुराचे हक्क कुणाकडे आहेत, आणि माझ्या कामासाठी लेखी परवानगी आहे का?
३. मराठी रूप कुणी, कुणावर तपासलं? तुलनेचे आकडे कोणत्या लोकांचे आहेत?
४. टॅब्लेटवर नेल्याने मापन बदलतं का? सगळे सहभागी एकाच उपकरणावर आहेत का?
५. धोक्याचं उत्तर आलं तर ते कोण, कधी वाचणार?

यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'ओपन सोर्स' असं येतं. बाकीचे चार त्याने सुटत नाहीत. मी ते सुटले असं धरून चालले होते, म्हणून तो लाल गोल.

तिसऱ्या मसुद्यात मी 'खर्च शून्य' हे शब्द काढले. त्या जागी एक लहान तक्ता घातला : साधन, हक्कधारक, परवानगीची स्थिती, मराठी रूपाचा आधार, धोक्याच्या उत्तरासाठी जबाबदार व्यक्ती. शेवटच्या रकान्यात आधी मी फक्त माझं नाव लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "आणि तू झोपली असशील तेव्हा?"

आता त्या रकान्यात तीन नावं आहेत, आणि प्रत्येकापुढे वेळ.